कारकुनीच्या भरतीला उतरताना : सोलापूरच्या नव्या उमेदवारांसाठी

सरकारी कचेरीत कारकून व्हायचं ठरलं की पोरं आधी पुस्तकं आणतात, मग क्लास लावतात आणि जाहिरात आल्यावर दाखल्यांमागे धावतात. हा क्रम उलटा करा, एवढंच माझं सांगणं आहे. आधी घरातली लोखंडी पेटी उघडून कागद बाहेर काढा, पुस्तकं नंतर. लेखीत चांगले गुण पडूनही कागदपत्र पडताळणीत बाद झालेली मुलं दर भरतीत दिसतात. अभ्यासात कमी पडलेला पुढच्या भरतीत सुधारतो. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर निघालेला दाखला मात्र कुणालाच मागच्या तारखेत नेता येत नाही.

भरती नेमकी करतं कोण?

जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, जिल्हा न्यायालय या कचेऱ्या एकमेकींपासून लांब नाहीत, पण त्यांची भरती करणारे हात वेगवेगळे आहेत. नवा उमेदवार इथेच गोंधळतो.

जिल्हा परिषदेतल्या कारकुनाच्या पदाला कनिष्ठ सहायक म्हणतात. जिल्हा परिषदांची शेवटची मोठी भरती ऑगस्ट २०२३ मध्ये निघाली. राज्यभरात मिळून १९,४६० जागा होत्या आणि ऑनलाइन परीक्षा आयबीपीएस या बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने घेतली. त्याच वर्षी तलाठी भरती टीसीएस या कंपनीकडून झाली आणि तिला दहा लाखांवर अर्ज आले. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. राज्य शासनाच्या कार्यालयांतली लिपिक-टंकलेखक पदं आता बहुतांशी एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या) गट-क संयुक्त परीक्षेतून भरली जातात : आधी १०० गुणांची पूर्व, मग मुख्य, मग टंकलेखनाची कौशल्य चाचणी. महापालिका स्वतःची जाहिरात काढते. जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिकाची भरती मुंबई उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली सगळ्या जिल्ह्यांसाठी एकत्र निघते. मागची २०२३ च्या डिसेंबरात आली होती. शिवाय सोलापूर हे मध्य रेल्वेचं विभागीय ठिकाण आहे, त्यामुळे रेल्वे भरती मंडळाची कारकुनी पदं आणि एसएससीची, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, बारावीवरची परीक्षा यांच्यावरही नजर ठेवा. फक्त राज्याच्याच जाहिरातींना चिकटून बसणं मला शहाणपणाचं वाटत नाही. राज्याच्या भरत्या कधी रखडतील सांगता येत नाही. जिल्हा परिषदेच्या २०१९ च्या भरतीला ज्यांनी अर्ज भरले होते, त्यांची परीक्षा झालीच नाही. शेवटी ती भरती रद्द करून शुल्क परत द्यायची वेळ आली.

पगाराचंही आधी समजून घ्या, म्हणजे नंतर घरात वाद नको. लिपिकाची वेतनश्रेणी एस-६ आहे, मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होतं. ग्राम महसूल अधिकाऱ्याची एस-८, म्हणजे २५,५०० पासून. शिपायाची एस-१, १५,००० पासून. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना आपोआप लागू नाही, हे ‘पेन्शन तरी आहे’ म्हणणाऱ्या काकांना एकदा समजावून सांगा.

पेटीतले कागद

एक जाड फाइल घ्या आणि खालचे कागद जाहिरातीची वाट न बघता जमा करा.

दहावीचं प्रमाणपत्र सगळ्यात वर ठेवा. जन्मतारीख त्याच्यावरून धरतात आणि नावाचं स्पेलिंगही त्याच्याशीच ताडून बघतात. मग बारावी, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र. वयाच्या चाळिशीकडे आलेल्या काहींची पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल, कारण सोलापूरचं विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं. त्यानंतरच्या गुणपत्रिकांवर कुठे ‘सोलापूर विद्यापीठ’ तर कुठे ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ असेल. त्याने काही बिघडत नाही, विद्यापीठ तेच आहे. पण पदवी प्रमाणपत्र काढायचं राहिलं असेल तर केगावला विद्यापीठात जाऊन आत्ताच अर्ज करा.

मग अधिवास दाखला, ज्याला आपण डोमिसाईल म्हणतो. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा त्याला लागतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या सीमेवरच्या तालुक्यांतल्या मुलांनी इथे जास्त लक्ष द्यावं. शाळा कर्नाटकात झाली असेल तर राहणं महाराष्ट्रातलं असल्याचे पुरावे (वडिलांचा सातबारा, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या) आधीच गोळा करा. कन्नड, तेलुगू किंवा उर्दू माध्यमातून दहावी झालेल्यांनी आपल्या गुणपत्रिकेवर मराठी विषय होता का तेही बघून ठेवावं. नसेल तर नोकरीत आल्यावर मराठी भाषा परीक्षा द्यावी लागू शकते.

जातीच्या दाखल्याची बाब सोलापुरात जरा गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर वेळ घालवणं परवडतं. दाखला मिळवताना मानीव तारखेपूर्वी आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातीसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेली किंवा कर्नाटकातून गिरणीत आलेली घरं या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण ‘आम्ही कधीपासून इथलेच’ हे तोंडी सांगून भागत नाही. आजोबांचा किंवा आजोबांच्या भावाचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना मिळकतीचा उतारा असं काहीतरी कागदावर हवं. आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले त्या शाळेचं जनरल रजिस्टर कुठे आहे, शाळा बंद पडली असेल तर ते कुणाकडे जमा झालं, हे शोधायला महिने लागतात. म्हणूनच म्हणतो, आज सुरू करा.

आडनावाचा घोळ वेगळाच. मूळ तेलुगू किंवा कन्नड आडनाव एका कागदावर ‘येमुल’, दुसऱ्यावर ‘यमूल’, आजोबांच्या दाखल्यावर नुसतंच वडिलांचं नाव आणि जात. तिन्ही माणसं एकच आहेत हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रातून जोडून दाखवावं लागतं. स्वतःच्याच नावात फरक असेल तर राजपत्रात बदल प्रसिद्ध करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी लक्षात ठेवा : जातीचा दाखला माहेरच्या नावाने आणि वडिलांच्या जातीवरूनच चालतो. सासरच्या नावाशी जोडायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र लागतं.

जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, हा पुढचा टप्पा. नोकरीसाठीचं वैधता प्रकरण साधारणपणे निवडीच्या किंवा नियुक्तीच्या पत्रावर दाखल होतं. म्हणून प्रमाणपत्र आधी हातात आलं नाही तरी पुरावे तयार ठेवायचे. अकरावी-बारावी विज्ञानाला असताना काढून ठेवलं असेल तर उत्तमच. सख्ख्या भावाची, वडिलांची, चुलत्याची वैधता असेल तर तिची प्रत आजच मागून घ्या. रक्ताच्या नात्यातल्या वैधतेचं वजन मोठं असतं. अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते, जिल्ह्याच्या समितीकडे फेऱ्या मारू नका. ज्यांना अलीकडे कुणबी नोंद सापडून ओबीसी दाखला मिळाला आहे, त्यांनी ती मूळ नोंद जिथून मिळाली तिथली प्रमाणित प्रत हातची जाऊ देऊ नये.

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असल्याचा दाखला, सगळ्यात जास्त मुलांना पाडतो. मर्यादा ८ लाखांची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेला वैध असायला हवा, हे विसरतात. दाखल्यावर तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. ३१ मार्चला संपणारा दाखला घेऊन एप्रिलमधल्या जाहिरातीला अर्ज केला, की पडताळणीच्या टेबलावर प्रकरण संपलं. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी २०२३ पासून नॉन-क्रिमिलेअर लागत नाही. मागास प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी मात्र जाहिरातीत ज्या प्रवर्गांना ते मागितलं आहे ती ओळ नीट वाचावी.

आणि प्रकल्पग्रस्त दाखला. उजनी धरणात करमाळा, माढा भागातल्या कितीतरी गावांची जमीन गेली. प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखून ठेवलेल्या जागा) आहे आणि घरात एका व्यक्तीला त्याचा लाभ घेता येतो. पण घरोघरी असं होतं, की दाखला आजोबांच्या नावावर पडून असतो आणि नातवंडापैकी कुणाच्या नावावर तो करायचा यावर भावाभावांत बोलणंच झालेलं नसतं. जिल्हा पुनर्वसन कार्यालयात हस्तांतरणाचा अर्ज करायला सगळ्यांची संमती लागते. दिवाळीला सगळे जमतील तेव्हा हा विषय काढाच.

दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतात. एक स्थानिक गोष्ट ध्यानात असू द्या : आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस महसुलाची निम्मी यंत्रणा पंढरपूरच्या वारीच्या बंदोबस्तात असते आणि निवडणूक लागली की उरलेली निम्मीही जाते. त्या दिवसांत तहसीलमध्ये ‘साहेब वारीला गेलेत’ हे उत्तर खरंच असतं.

टंकलेखन आणि संगणक

लिपिक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं शासकीय प्रमाणपत्र लागतं. ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आपण ज्याला जीसीसी-टीबीसी म्हणतो ती. परीक्षा ठरावीक सत्रांतच होते आणि निकाल, प्रमाणपत्र हातात यायला वेळ जातो. त्यामुळे ‘जाहिरात आली की टायपिंग लावू’ हे गणित कधीच जुळत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही काढा. न्यायालयाच्या भरतीत दोन्ही भाषांची चाचणी प्रत्यक्ष द्यावी लागते. प्रमाणपत्र मिळाल्यावर सराव सोडणारे कौशल्य चाचणीत अडकतात. रोज अर्धा तास वर्तमानपत्राचा एखादा अग्रलेख टाइप करत राहा. संगणकाचा एमएस-सीआयटी कोर्स झाला नसेल तर तोही करून ठेवा.

जाहिरात वाचायची कशी

जाहिरात मोबाईलवर व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमधून वाचू नका. संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावरून पूर्ण पीडीएफ उतरवा आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या. पन्नास पानं असली तरी. मग लाल पेनाने चार गोष्टींना खूण करा : अर्जाची शेवटची तारीख, वय मोजायची तारीख, शैक्षणिक पात्रता कोणत्या तारखेपर्यंत हवी आणि प्रवर्गनिहाय जागांचा तक्ता.

वयाची साधारण मर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असते. दिव्यांग, माजी सैनिक, अनाथ, प्रकल्पग्रस्त यांची सवलत वेगळी. तक्ता वाचताना फक्त आपल्या प्रवर्गाची एकूण संख्या बघून खूश होऊ नका. त्यातल्या किती महिलांना, किती माजी सैनिकांना, किती खेळाडूंना हे वजा केल्यावर ‘सर्वसाधारण’ रकान्यात काय उरतं ते बघा. पाचपैकी एखादीच उरलेली असते. जिल्हा निवडायचा असेल तर हे गणित फार उपयोगी पडतं. तलाठी भरतीत जिल्हा एकच निवडता येतो. सोलापूरच हवं म्हणून हट्ट धरायचा की जागा जास्त असलेल्या जिल्ह्यात जायचं, हा निर्णय तक्ता समोर ठेवून घ्या. लग्न झालेल्या, लहान मुलं असलेल्या उमेदवारांनी आधी घरी बोलून घ्यावं, कारण जिल्हा बदली लवकर होत नाही.

जाहिरात आल्यानंतर शुद्धिपत्रकं निघतात. जागा वाढतात, तारखा सरकतात, कधी पात्रतेतली एक ओळ बदलते. आठवड्यातून दोनदा संकेतस्थळ बघत जा.

अर्ज भरणं

घरी संगणक नसेल तर ऑनलाइन सेंटरवर भरा, पण शेजारी बसून भरा. सेंटरवाल्या दादाला दिवसात चाळीस अर्ज भरायचे असतात. तो घाईत ‘महिला आरक्षणाचा लाभ हवा का’ या प्रश्नाला ‘नाही’ करून पुढे जातो आणि तुम्हाला ते निकालाच्या दिवशी कळतं. अर्जात मागितलेला नसलेला लाभ पुढे मिळत नाही. प्रवर्ग, समांतर आरक्षण, नॉन-क्रिमिलेअर, वयाची सवलत हे रकाने स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा वाचा.

मोबाईल नंबर आणि ई-मेल तुमचाच द्या. सेंटरचा कधीही नको. भरती संपायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि तोवर प्रवेशपत्र, पडताळणीची सूचना सगळं त्याच नंबरवर येतं. रिचार्ज संपला म्हणून सिम बदलू नका. फोटो अलीकडचा, सही रोजची. पडताळणीला सही जुळवून बघतात, तेव्हा अर्जात झोकदार आणि प्रत्यक्षात साधी असं करू नका.

शुल्क २०२३ च्या तलाठी आणि जिल्हा परिषद भरतीत खुल्या गटाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये होतं, तेही प्रत्येक पदाला वेगळं. मुलं घरच्यांकडून पैसे घेऊन पाच-पाच पदांना अर्ज करतात आणि दोन पदांची परीक्षा एकाच दिवशी येते. जे पद खरंच करायचं आहे, ज्याची पात्रता शंभर टक्के बसते, तेवढंच निवडा. दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर लहान कुटुंबाचा नियम आधी वाचा. प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर नोकरीही जाते. अर्ज भरल्यावर त्याची प्रिंट आणि पैशाची पावती फाइलमध्ये.

लेखी परीक्षा, थोडक्यात

सरळसेवेच्या, म्हणजे बाहेरून थेट भरतीच्या, कारकुनी परीक्षेत सहसा मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असे चार भाग, १०० प्रश्न, २०० गुण. गुणवत्ता यादीत यायला किमान ४५ टक्के हवेत, पण खरी यादी त्याच्या कितीतरी वर थांबते. तलाठी आणि जिल्हा परिषदेच्या २०२३ च्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते. एमपीएससीत मात्र एक चतुर्थांश कापतात. कुठे ठोकायचं आणि कुठे सोडायचं ते त्यावर ठरवा.

मराठीचा पेपर घरी मराठी बोलणाऱ्यांनी गृहीत धरू नये. प्रयोग, समास, वाक्यप्रकार यांत बोलीची सवय काही कामाला येत नाही. उलट घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलं व्याकरण पाठ करून आलेली असतात.

परीक्षा अनेक सत्रांत होते तेव्हा गुणांचं सामान्यीकरण करतात. अवघड सत्र मिळालेल्यांचे गुण वाढतात, सोप्याचे कमी होतात. तलाठीच्या निकालात २०० पैकी २१४ गुण दिसल्यावर राज्यभर आरडाओरडा झाला, तो याच पद्धतीमुळे. त्यामुळे उत्तरतालिका बघून स्वतःचे गुण मोजून ‘आपलं झालं’ किंवा ‘आपलं गेलं’ असं ठरवू नका. उत्तर चुकीचं वाटलं तर मुदतीत पुराव्यासह हरकत घ्या. दर प्रश्नाला पैसे भरावे लागतात, म्हणून शंभर टक्के खात्री असेल तिथेच.

केंद्र सोलापुरात मिळेलच असं नाही. पुण्यात सकाळचं सत्र लागलं तर हुतात्मा एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका. ती सकाळी साडेसहाला सुटून साडेदहाच्या सुमारास पुण्यात पोचते, आणि तोवर केंद्राचं दार बंद झालेलं असतं. आदल्या रात्रीच निघा.

मुलाखत : कुठे असते, कुठे नसते

क्लासच्या जाहिरातीत ‘मुलाखतीची संपूर्ण तयारी’ असं लिहिलेलं असतं. सरळसेवेच्या कारकुनी पदांना मुलाखत नसते. निवड लेखी गुणांवर होते. केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून गट-क आणि गट-ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. म्हणजे कुणी ‘मुलाखतीत सांभाळून घेतो’ म्हणत पैसे मागत असेल तर तो जी मुलाखत होणारच नाही ती विकतोय.

कारकुनी पातळीवर मुलाखत उरली आहे ती मुख्यतः दोन ठिकाणी : न्यायालयाच्या भरतीत आणि कंत्राटी पदांना.

जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिकासाठी चाळणी परीक्षा, मग मराठी आणि इंग्रजी टंकलेखन, मग तोंडी मुलाखत. समोर न्यायाधीश बसलेले असतात. मुलाखतीला गुण थोडे असतात, पण यादीत शेवटच्या जागांवर अर्ध्या गुणाने माणूस आत-बाहेर होतो. तयारीसाठी एक सोपी गोष्ट करा. न्यायालयाचं कामकाज खुलं असतं. एक दिवस सकाळी जाऊन एखाद्या कोर्टात मागच्या बाकावर शांत बसा. मोबाईल बंद. पुकारा कसा होतो, तारीख कशी पडते, कारकून कुठे बसतो, फाइल कुणाच्या हातातून कुणाकडे जाते ते बघा. ‘रोजनामा म्हणजे काय?’ या प्रश्नाला पुस्तकातली व्याख्या सांगणारे पुष्कळ येतात. बघून आलेला लगेच वेगळा ओळखू येतो. दिवाणी आणि फौजदारीतला फरक, वादी-प्रतिवादी, वकालतनामा, समन्स आणि वॉरंट एवढे शब्द स्वतःच्या भाषेत समजावता आले पाहिजेत.

प्रश्न साधे असतात, पण आडवे येतात. ‘तुम्ही बी.एस्सी. झालात, मग कारकुनी कशाला?’ याला ‘सर, समाजसेवा करायची आहे’ असं उत्तर देऊ नका. समोरच्यांनी ते रोज ऐकलेलं असतं. ‘घरची परिस्थिती, स्थिर नोकरी हवी आहे, आणि लिहिण्या-मोजण्याचं काम मला जमतं’ हे खरं उत्तर पुरेसं आहे. ‘पुढे राज्यसेवा देणार का?’ देणार असाल तर देणार म्हणा, आणि तोवर इथलं काम नीट करीन असं जोडा. लपवलेलं पुढच्या दोन प्रश्नांत उघडं पडतं. ‘पक्षकाराने तारीख मिळवून द्या म्हणून पाचशे रुपये पुढे केले तर?’ इथे भाषण नको. नाही म्हणेन, पुन्हा केलं तर वरिष्ठांच्या कानावर घालीन. पुरे.

जिल्ह्याबद्दल विचारतातच. अकरा तालुके न अडखळता सांगता यावेत : उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, माढा, करमाळा, पंढरपूर, माळशिरस, सांगोला, मोहोळ, मंगळवेढा. उजनी कुठल्या नदीवर, नान्नजला कशाचं अभयारण्य, १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. रोज ज्या पुतळ्यांवरून बस जाते त्यांची चारही नावं न येणारा सोलापूरकर मुलाखतीत फार वाईट दिसतो.

कंत्राटी पदांच्या म्हणजे डेटा एंट्री ऑपरेटर, प्रकल्प सहायक अशा जागांच्या ‘थेट मुलाखती’ निघतात, बहुधा आरोग्य अभियान किंवा शिक्षणाच्या योजनांतून. तिथे मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन दिलेल्या वेळेच्या तासभर आधी हजर राहा, रांग लागते. अनेकदा संगणकावर बसवून बघतात : मराठीत एक पत्र टाइप करा, एक्सेलमध्ये यादी लावून बेरीज काढा. काम माहीत आहे हे दाखवायला कचेरीचे चार शब्द समजून घ्या. आवक-जावक नोंदवही. टिपणी आणि मसुदा. सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे टेबलावरच्या फायली प्रलंबित, नियतकालिके, स्थायी आदेश अशा गठ्ठ्यांत लावून ठेवण्याची रीत. अभिलेखांचे वर्ग : ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं, ‘ड’ एक वर्ष. माहिती अधिकारात उत्तराची मुदत ३० दिवस. ज्या कार्यालयात मुलाखत आहे त्याने माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली स्वतःची माहिती जाहीर केलेली असते. ती संकेतस्थळावर वाचा, म्हणजे त्या कचेरीत कोण काय करतं ते कळेल. ही गोष्ट फारच थोडे उमेदवार करतात.

कंत्राटी जागा घ्यावी का? घरात पैशाची गरज असेल, किंवा कचेरीचं काम कसं चालतं ते बघायचं असेल, तर जरूर घ्या. पण ‘आज कंत्राटी, उद्या कायम’ या आशेवर घेऊ नका. उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगून ठेवलं आहे की नियमित भरतीच्या वाटेने न आलेल्याला कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत कचेरीत बसलेल्या मुलांनाही हेच सांगेन. तिथे बारावीला ६,०००, पदविका किंवा आयटीआयला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन आहे. ते शिकण्याचे दिवस आहेत, नोकरी नाही.

कपड्यांचा बाऊ करू नका. इस्त्री केलेला फिका शर्ट, पॅन्ट, बूट. मुलींना साधी साडी किंवा सलवार कमीज. एप्रिलच्या सोलापुरात कोट-टाय घालून आलेला उमेदवार घामानेच हैराण होतो. आत गेल्यावर नमस्कार करा, बसा म्हटल्यावर बसा. पाया पडू नका. ‘सर’, ‘मॅडम’ पुरेसं आहे. बोलण्यात ‘काय की’, ‘लै’ आलं तर घाबरून जीभ चावू नका, पण शिकस्तीने प्रमाण मराठी बोला. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट बघा.

पडताळणी

बहुतेकांसाठी खरी मुलाखत हीच. यादीत नाव आल्यावर ठरलेल्या दिवशी मूळ कागद आणि स्वयंसाक्षांकित प्रती घेऊन बोलावतात. जाहिरातीत कागदांची यादी ज्या क्रमाने दिली आहे त्याच क्रमाने फाइल लावा आणि प्रत्येक कागदाला चिठ्ठी चिकटवा. टेबलामागे बसलेला कारकून सकाळपासून दोनशे फायली बघतोय. त्याला शोधावं लागलं नाही तर तोही तुमची फाइल नीट बघतो. नावात फरक, तारखेत फरक, दाखल्याची मुदत याबद्दल त्याने विचारलं तर खुलासा लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी ‘चालेल म्हणाले’ यावर घरी जाऊ नका.

पैसे मागणाऱ्यांचं एवढंच सांगतो : मागणारा सरकारी नोकर असो की दलाल, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पेपरफुटीवर केंद्राने २०२४ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे. ‘सेटिंग’ करणाऱ्याच्या मागे गेलेला उमेदवारही त्या भानगडीत गुंततो.

निवड झाली तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, जिल्हा शल्यचिकित्सकांकडून वैद्यकीय तपासणी, मग नियुक्तीचा आदेश. आदेशात हजर होण्याची मुदत लिहिलेली असते. अडचण असेल तर मुदत संपायच्या आत लेखी अर्ज करा. पहिली नेमणूक शहरात मिळेलच असं धरू नका, करमाळा किंवा सांगोलाही येऊ शकतं. आणि प्रतीक्षा यादीत नाव असेल तर मोबाईल चालू ठेवा. ती यादी सहसा वर्षभर चालते आणि वरचे उमेदवार दुसरीकडे लागले की खालच्यांना फोन येतात.